डॉब्सचं एकाहत्तरावं वर्ष

पुणे
१२ ऑगस्ट २००५

गण्या लेका,

लेकीनं उचलून सिंगापूरला नेलं आणि तू तिकडे साहेब झालास म्हणे! दोन महिने झाले, चार ओळी खरडायला होत नाही तुला? फोन मात्र करू नकोस. हल्ली फोनवर माणूस काय बोलला ते ठेवायचं कुठे, हेच मला कळत नाही. पत्र बरं, पुन्हा काढून वाचता येतं.

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक. प्रबोध नावाचा एक नवा दिग्दर्शक आहे. दाढीवाला, कुणालाही नमस्कार न करणारा, पण डोकं आहे. त्याचं नवं नाटक येतंय. मुख्य पात्र आप्पा, बायको गेल्यावर लेकीच्या घरी राहायला आलेला म्हातारा. सबंध नाटक त्याच्या खांद्यावर. मला विचारायला आला, आप्पा कोण करील? मी म्हटलं, गणपत ओव्हाळ. तो म्हणाला, कोण गणपत? म्हटलं, अरे, माझ्या प्रत्येक नाटकात पाण्याचा तांब्या घेऊन येतो तो! तर म्हणाला, अच्छा, ते होय! बघ, तुझं नाव नाही, पण तांब्या लोकांच्या लक्षात आहे.

चाळीस वर्षं माझ्या मागे उभा राहिलास. मी अडलो की ओठ न हलवता शब्द दिलास. आता तू पुढे उभा राहा. तुझ्या त्या डॉब्सला मिळालं तसं तुलाही मिळतंय.

मात्र प्रबोधच्या गळी तुझं नाव उतरवायचं तर माझ्या हाती काही पाहिजे. आप्पा कसा बसेल, कसा उठेल, कसा बोलेल, डोक्यात येईल ते सगळं मला लिही. संहितेची प्रत सोबत पाठवतो.

आमच्या सरोजिनीनं आशीर्वाद कळवलेत, तुझ्याहून लहान असूनही.

चारुदत्त


क्लेमेंटी, सिंगापूर
२८ ऑगस्ट २००५

चारुदत्तराव,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा घरात मी एकटा. दीप्ती तांजोंग पगारला ऑफिसात, जावईबापू उज्ज्वल त्यांच्या लॅबमध्ये, नात शाळेत. वाचलं आणि लिफ्टनं खाली आलो. सांगणार कुणाला? ब्लॉकच्या खाली चिनी म्हातारे पट मांडून बसतात. त्यांतल्या एकाला मराठीतच सांगितलं, 'बाबा, मला मुख्य भूमिका मिळाली.' त्यानं मान डोलावली आणि पुडक्यातलं एक बिस्किट दिलं. मी उभ्याउभ्या खाल्लं आणि रडलो. काय करणार, आवरलंच नाही.

तुम्ही डॉब्सचं नाव काढलंत. एल्मर डॉब्स! कॅम्पातल्या मॉर्निंग शोला आपण जायचो तेव्हा तुम्ही हिरोकडे बघायचात आणि मी त्याच्याकडे. बुटका, मोठ्या कानांचा, जुन्या वहाणेसारखा चेहरा. कधी गुत्त्यातला गडी, कधी तारमास्तर, कधी पेट्या बनवणारा सुतार. गोळी कुणीही कुणावर झाडो, लागायची डॉब्सला. पण मरताना तो टोपी सावरायचा, आठवतं? हिरोच्या सबंध भाषणापेक्षा ती टोपी मला खरी वाटायची. मी नोकर, हमाल, हवालदार सगळे त्याच्यावरून केले.

पुढे मी कंटाळून बेकरीत नोकरी धरायला निघालो होतो. तुम्ही तेव्हा रद्दीतलं अमेरिकन मासिक उघडून वाचून दाखवलंत, की डॉब्सला एकाहत्तराव्या वर्षी मुख्य भूमिका मिळाली, दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची, आणि तो बक्षीस घ्यायला गेला तेव्हा सगळं थिएटर उभं राहिलं. मला इंग्रजी कुठलं येतंय! पण ती ओळ पाठ झाली. आमची हिरा चिडवायची, तुमचा तो देव पावणार तरी कधी? ती गेली आणि आता पावला. मला एकोणसत्तरावं चालू आहे. डॉब्सच्याही दोन वर्षं आधी!

संहिता दोनदा वाचली. आप्पा लेकीच्या घरी कधी पाठ टेकून बसणार नाही. खुर्चीच्या कडेला बसेल, कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून. मी इथे तसाच बसतो. नात भावना ओरडते, 'आजोबा, सिट प्रॉपर्ली लाह!' पण टेकवत नाही, सोफा जावयाचा आहे. दुसरं म्हणजे, उठताना तो टेबलावरून तळहात फिरवेल, काही सांडलेलं नसलं तरी. इथल्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, आपल्या वयाची माणसं टेबलं पुसायला असतात. त्यांतला एक स्वतः जेवायला बसतो तेव्हाही उठताना टेबल पुसून जातो. तो हात मी आप्पासाठी उचलून ठेवलाय.

प्रबोधरावांना सांगा, तालमीची तारीख कळवली की मी निघालो.

आपला
गणपत


पुणे
१९ सप्टेंबर २००५

गण्या,

वा! खुर्चीची कड झकास. टेबल पुसणं त्याहून झकास. प्रबोधनं मान डोलावली, आणि तो सहसा मान डोलावत नाही.

आता शेवटचा प्रवेश बघ. लेक विचारते, 'बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?' त्यावर लेखकानं आप्पाला दीड पानाचं भाषण दिलंय. बाप असून अनाथ, छप्पर असून बेघर, वगैरे. मला पाठ होईना. म्हणजे वाचायलासुद्धा जड जातं, असं म्हणायचंय. तू काय म्हणशील तिथे? लवकर कळव, तारीख ठरतेच आहे.

चारुदत्त


क्लेमेंटी
५ ऑक्टोबर २००५

चारुदत्तराव,

सप्रेम नमस्कार.

ते भाषण काढून टाकायला सांगा. लेकीसमोर कुठला बाप असं बोलतो हो?

हे तुम्हालाच लिहितो, दीप्तीला कधी कळू देऊ नका. ती रोज निजायच्या आधी माझ्या खोलीत डोकावते आणि दिवा मालवून जाते. मायेनंच. मी जागा असतो, कधी हातात पुस्तकही असतं. ते मिटून उशाशी ठेवतो. अंधारात पडून राहतो आणि वाटतं, आता आपण इथले उरलो ते एवढेच. तर आप्पानं एवढंच म्हणावं, 'काही नको गं. माझ्या खोलीतला दिवा मला विचारून मालवत जा.' हे अगदी सहज, पंचाची घडी घालता घालता. मग पडदा.

मी रोज म्हणून बघतो. रविवारी सगळे ईस्ट कोस्टला गेलो होतो. पोरं सायकली फिरवत होती, मी समुद्राकडे तोंड करून आप्पा करत होतो. उज्ज्वलरावांना वाटलं, सासऱ्याला उन्हाचा त्रास झाला.

तिकिटाचं दीप्ती रोज विचारते. तारीख कळवा.

आपला
गणपत


पुणे
१४ जानेवारी २००६

गण्या,

मधल्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रुसू नकोस, तालमींत बुडालो होतो.

सरळ सांगतो. आप्पा मी करतोय. प्रबोध म्हणाला, नाव नसलं तर बुकिंग होत नाही. मी तुझ्यासाठी भांडलो, विचार हवं तर सरोजिनीला. पण खरं सांगू? तुझा चेहरा पडला मागे उभं राहायचा. देवानं काही चेहरे तसेच केलेले असतात, त्यात अपमान कसला? शेवटच्या ओळीला बायाबापड्या हुंदके देतात. 'दिवा मला विचारून मालवत जा.' पेपरात आलंय, चारुदत्तांना म्हातारपण गवसलं.

आता गोड बातमी. मार्चमध्ये आम्ही तुमच्या सिंगापूरला येतोय! तिथल्या मंडळानं बोलावलंय. माणसं कमी न्यायची आहेत, म्हणून प्रॉम्प्टर इथेच राहतो आणि आप्पाला पाणी आणून देणारा सदू तिथलाच कुणी घ्यायचा, असं प्रबोध म्हणाला. मी म्हटलं, अरे, सिंगापुरात तर आपला हुकमाचा सदू बसलाय! शेवटच्या प्रवेशात तू ट्रे घेऊन माझ्या मागे उभा. वाक्य एकच, 'आप्पा, पाणी.' आणि मी अडलो तर, तुला सांगायला नको. हल्ली मधूनमधून अडतो. वय झालं, एवढंच.

नाही म्हणू नकोस. चाळीस वर्षांची जोडी आहे.

चारुदत्त


क्लेमेंटी
३ फेब्रुवारी २००६

चारुदत्तराव,

सप्रेम नमस्कार.

येतो. काळा कोट माझ्याकडे आहे, पण सदूला बहुधा बंडी लागेल, ती शिवून घेतो.

एक गंमत सांगायची राहिली. तुमचं पत्र वाचून मी घडी घालून ठेवलं, तेव्हा दीप्तीनं विचारलं आणि मी म्हटलं, काही नाही, डॉब्सलाही एकाहत्तरापर्यंत थांबावंच लागलं की. उज्ज्वलराव म्हणाले, कोण डॉब्स? आणि कॉम्प्युटर उघडून बसले. संशोधक माणूस, शोधल्याशिवाय राहत नाही. म्हणाले, बाबा, हा तर त्रेसष्टाव्या वर्षीच गेला. हॉटेलच्या दरवानाचं काम करत होता, दार उघडून धरायचं तेवढंच. चित्रीकरण चालू असताना कोसळला. दुसऱ्याला तोच कोट घालून उभा केला. चित्रपटावर नावसुद्धा नाही. दीपगृह नाही, बक्षीस नाही, कुठलं थिएटर उभं राहिलं नाही.

मासिक वाचताना तुमच्याकडून काही चूक झाली असेल. इंग्रजी अवघड भाषा आहे.

विमानतळावर घ्यायला येतो.

गणपत


पुणे
९ एप्रिल २००६

गण्या!

अजून अंगावरचा काटा जात नाही! सिंगापूरचा प्रयोग म्हणजे माझ्या आयुष्याचा कळस. ती लेक विचारते, 'बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?' आणि मी उत्तरच देत नाही. किती वेळ उभा होतो रे? मागे वळून तुझ्याकडे बघितलं, तू ट्रे धरून दगडासारखा. पुन्हा लेकीकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. अश्रू तर असे आले की सांगता सोय नाही. आणि पडदा पडल्यावर सगळं थिएटर उभं! तुझी दीप्ती रंगपटात येऊन रडत होती. म्हणाली, काका, तुम्ही खुर्चीच्या कडेला बसलात आणि मला बाबाच दिसले. म्हटलं, पोरी, निरीक्षण लागतं.

आता पुण्यात प्रबोधनं ते मौनच कायम केलंय. ओळ छाटली. मीच म्हटलं, ते मौन मी मुद्दाम घेतलं होतं. तुलाही ते उमगलं, म्हणूनच तू शब्द दिला नाहीस ना? म्हणजे उमगलंच असणार. तू दुसऱ्या कशासाठी गप्प राहशील?

आणि त्या डॉब्सचं मनाला लावून घेऊ नकोस. ती थाप मारली नसती तर तू बेकरीत पाव भाजत बसला असतास. चाळीस वर्षं जगलास ना त्या थापेवर? मग!

एक काम आहे. जूनमध्ये नाटकाचा शंभरावा प्रयोग. मोठमोठी माणसं येणार, तिथेच माझा सत्कार. तू ये. सदू कर. नवीन पोरगा ट्रे धरतो, पण त्याच्याकडे वळून बघितलं की मला कळतच नाही मी कुठल्या अंकात आहे. तू पाहिजेस. जरूर ये.

चारुदत्त

ता. क. गणपतभावजी, मी सरोजिनी. पाकिटावरचा पत्ता मी घातलाय, यांना आठवेना. काल दूधवाल्याला 'आप्पा, पाणी' म्हणाले. डॉक्टरांकडे येत नाहीत. शंभराव्या प्रयोगाचा ध्यास घेतलाय. तुम्ही मागे असलात की ते निभावतील. याल ना?


क्लेमेंटी
२ मे २००६

चारुदत्तराव,

सप्रेम नमस्कार.

तुमचं बरोबर आहे. ते मौन मला उमगलं होतं.

शंभराव्या प्रयोगाला मी येतो. नक्की. तुमच्या मागे दोन हातांवर उभा असेन, नेहमीच्या जागी. तुम्ही फक्त एक करा. विंगेत प्रॉम्प्टर बसवू नका. नव्या पोरांच्या कुजबुजीनं तुमचं लक्ष उडतं, आणि सत्काराच्या दिवशी कुणाला ऐकू गेलं तर शोभेल का? मी असताना गरज काय? आणि ती ओळ प्रबोधरावांना परत घालायला सांगा. मौनाला लोक एकदा उभे राहतात. मोठ्या लोकांसमोर दिव्याची ओळच हवी. तुम्ही अडलात की मागे वळा, मी शब्द देतो.

वहिनी, तुम्ही काळजी करू नका. विमान ऐन वेळेचं आहे, मी थेट नाट्यगृहावर येईन. तिसऱ्या घंटेपर्यंत पोचलो नाही तरी त्यांना 'गणपत विंगेत आहे' एवढंच सांगा, म्हणजे ते शांत राहतील.

गणपत


पुणे
२५ जून २००६

गणपतभावजी,

नमस्कार. काय लिहू आणि कसं लिहू?

तुम्ही आला नाहीत. सकाळपासून हे विचारत होते, गण्या पोचला का? दुपारी विचारलं, रंगपटात विचारलं. प्रॉम्प्टर यांनी स्वतः घरी पाठवला होता, तुमच्या पत्रावर बोट ठेवून. तिसरी घंटा झाली तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत तसं मीच सांगितलं, गणपतभावजी विंगेत आहेत. मला वाटलं, तुम्ही वाटेत असाल.

शेवटच्या प्रवेशात लेकीनं विचारलं. हे मागे वळले. तो नवीन मुलगा ट्रे घेऊन उभा. हे मोठ्यानं म्हणाले, 'हा कोण? गणपत कुठाय?' लोकांना वाटलं विनोद आहे, हसले. यांनी पुन्हा विचारलं. मग पुढे आले आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, 'माझी ओळ तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का हो?' भावजी, लोक हसतच होते. मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबला. हसण्यापेक्षा तेच मला जास्त असह्य झालं. प्रबोधनं पडदा पाडला. सत्कार झालाच नाही, शाल तशीच राहिली.

आता घरातच असतात. मला ओळखतात कधी कधी. दिवसातून कितीदा तरी हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि मागे वळून म्हणतात, गण्या, शब्द दे. मी ती ओळ सांगून बघितली. माझ्याकडून घेत नाहीत. तुमचाच आवाज हवा.

काय अडचण आली ते मी विचारत नाही. आजारी असाल, विमान चुकलं असेल. तुम्ही कधी शब्द मोडणारे नव्हतात. येणं जमत नसेल तर निदान दोन ओळी लिहा, मी वाचून दाखवीन. म्हणजे त्यांना धरायला काही राहील.

तुमची
सरोजिनीवहिनी


क्लेमेंटी
८ जुलै २००६

वहिनी,

जयभीम.

चाळीस वर्षं तुमच्या घरी नमस्कार लिहिला. आज जे तोंडात येतं ते लिहिलं.

आजारी नव्हतो. विमानही चुकलं नाही, मी तिकीटच काढलं नव्हतं. इथल्या प्रयोगातही त्याची ओळ माझ्या जिभेवर होती. माझीच होती, मी त्याला दिली होती. त्यानं वळून बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय होतं ते सबंध थिएटरात मला एकट्याला दिसलं. मी ट्रे धरून उभा राहिलो. समोर माझी दीप्ती बसली होती. तिच्या घरातला माझा अंधार तो तिच्यासमोरच विकणार होता. मी दिला नाही. तरी लोक उभे राहिले. माझ्या गप्प बसण्याला मिळालेली टाळीसुद्धा तोच घेऊन गेला, वहिनी! मग मी ते 'नक्की येतो' म्हणणारं पत्र लिहिलं.

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. तुमच्यासाठी वाटलं. त्याच्यासाठी वाटतंय का ते रोज तपासून बघतो, आणि अजून वाटत नाही. दीप्तीला यातलं काही ठाऊक नाही. काल तिनं येऊन दिवा मालवला.

तुम्ही दोन ओळी मागितल्यात. देतो. त्याला हॉलच्या मधोमध उभं करून, पाठीमागून वाचून दाखवा.

'चारू, मी गणपत. मी येतोय. घाई करू नकोस, बसू नकोस, तसाच उभा राहा आणि मागे बघत राहा. डॉब्सला एकाहत्तराव्या वर्षी दीपगृह मिळालं ना, तसाच मीही माझ्या एकाहत्तराव्या वर्षी तुझ्या मागे येऊन उभा राहणार. नक्की.'

गणपत